बोअरवाल्या अण्णांची वही

१

"बघायचं डोळ्यानं असतंय. ह्यांना बोटानं बघायची खोड. पुस बन्सीधर, पुस. तुला दुसरं काम काय हाय."

सभागृहाची देखभाल बघणारा बन्सीधर हे कुणालाच म्हणत नव्हता. फडकं, काच आणि तो, एवढ्यातच चाललं होतं. त्याच्या मागे हातभर अंतरावर सुकेशनीताई निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसलेल्या बाईला दुसऱ्याचं पुटपुटणं मधे तोडायची सवय नसते.

काच लख्ख झाली. बन्सीधर दोन पावलं मागे सरून आपलं काम बघायला लागला.

"बन्सीभाऊ," ताई म्हणाल्या, "काच छान निघाली. पण तुमी नेमकं काय जपायलाव?"

काचेच्या पेटाऱ्यात लाल मखमल होती. मखमलीवर वहीच्या आकाराचा चौकोनी दाब होता. वही नव्हती.

बन्सीधरने फडक्याने आधी डोळे पुसले, मग पुन्हा काच पुसली. जणू वही आतच होती आणि धुळीमुळे दिसत नव्हती.

२

ताडकळसला 'बोअरवाले अण्णा' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. पण तुम्ही बाहेरचे असाल म्हणून सांगते.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात तामिळनाडूतल्या तिरुचेनगोडहून बोअर मारायची गाडी इकडे आली. गाडीबरोबर पळणीसामी नावाचा एक सडपातळ माणूस होता. गावाने आठवडाभर 'पळणीसामी' म्हणून बघितलं, मग जीभ थकली आणि 'अण्णा' ठरलं. पहिला बोअर मारून इंजिन बंद केलं तेव्हा त्या शांततेत त्यांना देवळातलं भजन ऐकू आलं. गाडी परत गेली, अण्णा राहिले. बसस्टँडजवळ मोटार-पंपांचं दुकान टाकलं, पुढे स्वतःची बोअरची गाडी घेतली. अर्ध्या तालुक्याला पाणी त्यांनी लावून दिलं. मराठी शिकले तेही इथलंच, हेल मात्र तिकडचा. "पाणी लागायलंय" म्हणताना त्यांचा 'ळ' कुठूनतरी आत शिरायचाच.

आणि गाणं. भजनी मंडळाला पखवाज, भीमजयंतीच्या गायन पार्टीला पेटी, उरुसातल्या कव्वालांना ढोलक. मागायच्या आधी दारात. वीस वर्षांपूर्वी त्यांनी गावात सभागृह बांधलं आणि नाव ठेवलं 'पाणवठा'. सुरुवातीला दोन बाया घागरी घेऊन आल्या होत्या, असं सांगतात. दर गुरुवारी तिथे सगळ्या वस्त्यांचे गाणारे एकत्र बसत. शेवटी अण्णा स्वतः एक गाणं म्हणत. त्या गाण्याबद्दल गावात कुणी काही बोलत नाही. फार खोदून विचारलं तर म्हणतात, "आवाज मोठा होता."

अण्णा गेले त्याला रविवारी वर्ष होणार होतं; त्या दिवशी पाणवठ्यात गाण्याचा कार्यक्रम ठेवला होता.

त्यांची एकुलती मुलगी भक्ती पुण्याला नोकरीला; ती वडिलांना अप्पा म्हणते. तिने महिन्यापूर्वी सुकेशनीताईंना स्पष्ट सांगितलं होतं, "मावशी, परभणीचे एक मंगल कार्यालयवाले 'पाणवठा' मागतायत. अप्पांनी काही लिहून ठेवलं नाही. मला कधीकधी वाटतं, हे गाणंबिणं त्यांच्या धंद्याचाच भाग असेल. चार माणसं जमली की चार बोअर मिळतात. तसं असेल तर हॉल ठेवून मी काय करू? पुण्यात बसून छताचे पत्रे बदलू?"

आणि मागच्या आठवड्यात बन्सीधरला जुन्या बोअरच्या गाडीच्या पेटीत अण्णांची वही सापडली. भक्ती फोनवर म्हणाली, "कुणी वाचू नका. काचेत ठेवा. रविवारी सगळ्यांसमोर मी वाचीन. त्यात त्यांच्या मनातलं एक जरी पान निघालं, तरी विकायचं की नाही ते मी तिथेच ठरवते."

कुणी वाचू नका, असं बन्सीधरला सांगणं म्हणजे मांजराला दुधाकडे पाठ करून बसायला सांगणं. त्याने एक पान बघितलंच. संध्याकाळपर्यंत हॉटेलात बातमी: अण्णांनी वाटणी लिहून ठेवलीय. कमलबाईला चार एकर काळी. तात्यारावांना पांढरीत दोन प्लॉट. सिद्धोधन सरांना काळी एक एकर.

आमच्याकडे शेतीच्या जमिनीला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. अण्णांनी कुठे जमीन घेतलीय का, हे कुणाला ठाऊक नव्हतं. पण ज्याने सगळ्या तालुक्याच्या जमिनीला भोकं पाडली, त्याने थोडी स्वतःसाठी ठेवली नसेल, हे गावाला पटत नव्हतं.

वाटणीतली तिन्ही माणसं पाणवठ्यातली गाणारी. बन्सीधरचं नाव त्यात नव्हतं.

"म्हणून मी चोरली, असं म्हणायलाव का, ताई?" बन्सीधर म्हणाला.

"मी काईच म्हणले न्हाई."

"तुमी काई म्हणत न्हाईत, तवाच माणसाला भ्या वाटतंय."

ताईंनी पेटाऱ्याचं कुलूप बघितलं. शाबूत होतं. किल्ली अण्णांच्या फोटोमागच्या खिळ्याला, जिथे असते तिथेच. हे ठिकाण गुपित होतं, म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं. बुधवारी संध्याकाळी सरावाआधी बन्सीधरने वही आत बघितली होती. सरावानंतर हॉलमध्ये कोण कोण थांबलं होतं?

बन्सीधरने तीन बोटं वर केली. वाटणीतली तीच तीन नावं.

३

तात्याराव हॉलच्या मागच्या मोकळ्या जागेत होते. हातात टेप. त्यांच्या पत्नी सरजाबाईंनी दुसरं टोक धरलं होतं.

"काय करायलाव, तात्याराव?"

"हवा खायलो."

"टेपनं?"

सरजाबाईंनी टोक सोडलं. टेप सर्रकन येऊन तात्यारावांच्या अंगठ्यावर बसला.

"आता लपवून काय करता," सरजाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "ताई, अण्णानं पांढरीत दोन प्लॉट ठेवलेत म्हणं ह्यांच्यासाठी. पांढरीत मोकळी जागा हीच. मी तुळशीची जागा धरून ठेवली, एवढंच."

"वही गेली," ताई म्हणाल्या.

तात्यारावांचा चेहरा पडला तो इतका खरा पडला, की ताईंनी मनातल्या मनात एक नाव खोडलं. ज्याचे दोन प्लॉट वहीत आहेत तो वही कशाला नाहीशी करील?

"तात्याराव, तुमी अण्णांबरोबर तीस वर्षं गायलात. अण्णा कसे गायचे?"

तात्यारावांनी अंगठा चोळत आभाळाकडे बघितलं. "अण्णा? तालाला पक्का."

"खरंच?"

"म्हणजे, ताल धरणाऱ्याकडं नीट बघायचा." मग विषय बदलायची घाई झाल्यासारखं म्हणाले, "बुधवारी आमी दोघं संगंच निघालो बघा, मी अन् सिद्धोधन सर. सर तेवढे अर्ध्या वाटेतून मागं फिरले. मफलर राहिला म्हणले. पण ताई, मफलर तर त्यांच्या गळ्यातच होता."

४

सिद्धोधन सर शाळेत शिकवतात आणि भीमगीतं अशी गातात, की पलीकडच्या गल्लीतली भांडणं थांबतात. ताई त्यांच्या घरी गेल्या तेव्हा धम्मशीला वहिनींनी चहा ठेवला आणि सरांच्या आधीच बोलायला सुरुवात केली.

"ह्यांना विचारा, दोन दिसं झाले धड जेवले का."

"धम्मे."

"मी काय खोटं बोलायले?"

सरांनी कप हातात घेतला आणि प्यायला विसरले. "मफलर हे निमित्त होतं, ताई. मला वही बघायची होती. खरंच एक लिहिलंय का, एवढंच."

"एक एकर."

"एकर नको होती मला. एक का, ते पाहिजे होतं. कमलबाईंना चार, तात्यारावांना दोन, मला एक. वीस वर्षं मी त्या हॉलात बसलो, ताई. गावात दुसरीकडं कुठं बसायचं म्हणलं की आधी जागा बघावी लागायची. आपली कोणती, त्यांची कोणती. पाणवठ्यात न्हाई. जिथं बसलं तिथं आपली. अण्णाच्या दारात मोजमाप न्हाई, असं मी पोरांना वर्गात सांगत आलो. अन् शेवटी त्यांनी पण मोजलंच."

धम्मशीला वहिनी चुलीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"मग बघितली वही?" ताईंनी हळू विचारलं.

"न्हाई. मी पोचलो तवा पेटारा रिकामा होता."

"अन् सकाळपर्यंत कुणाला बोलला न्हाईत?"

"खरं सांगू? बरं वाटलं. वाचलीच न्हाई गेली, तर माझं 'मोजमाप न्हाई' शाबूत राहतंय."

ताईंना हे पटलं. मग वाटलं, फारच पटलं. ज्याला वही नाहीशी झाल्याचं बरं वाटतं, त्यानेच ती नाहीशी केली नसेल कशावरून?

निघताना उंबऱ्यात त्यांनी विचारलं, "सर, तुमी गेलात तवा हॉलात कुणी न्हवतं?"

"होत्या की. कमलबाई होत्या. अण्णांचा फोटो काढून पदरानं पुसायल्या होत्या."

फोटोच्या मागे किल्ली होती.

५

कमलबाई अंगणात हुरडा भाजत बसल्या होत्या. पासष्टी ओलांडलेली बाई, कपाळावर मोठं कुंकू, आणि हसल्या की आधी खांदे हसतात. ताईंना बघताच त्यांनी ताटली पुढे सरकवली.

"या पोस्टबाई. माझ्या घरी आलाव म्हणजे मी चोर दिसते."

"तुमी फोटो पुसायला होतात म्हणं."

"बन्सीधर काच पुसतो, देवळातला पुजारी देव पुसतो. अण्णांना कोण पुसणार? खा गरम हाय तवर."

ताईंनी खाल्ला. गूळभेंडी ज्वारीचा, कोवळा, लसणाची चटणी वर. असा हुरडा खाताना संशय घेणं जरा जडच जातं.

"चार एकराची मालकीण झाला असतात, कमलबाई."

कमलबाईंचे खांदे हलायला लागले. "माय. चार कुठं झेपतंय आता मला. तीनवर आलेय मी."

"तीन तरी काय कमी हाय?"

"न्हाई न्हाई. तीनमध्ये बी भागतंय की." आणि त्या हसत राहिल्या, पण हसता हसता त्यांनी डोळ्याला पदर लावला. धूर होता म्हणून असेल.

ताई निघाल्या त्या अशा खात्रीने, की जिला जमिनीची एवढी बेफिकिरी ती वहीला हात लावणार नाही. आणि त्यांच्या देखत सरही पेटारा उघडणार नव्हते; म्हणजे तीनही नावं खोडली गेली आणि हातात काही उरलं नाही.

घरी पोचतात तोच भक्तीचा फोन. "मावशी, ते मंगल कार्यालयवाले रविवारीच येतायत. कागद घेऊन. वहीत काही निघालं नाही, तर मी तिथेच सही करून टाकते. मला परत परत येणं जमणार नाही हो."

वहीच हरवलीय, हे तिला सांगायला ताईंची जीभ रेटली नाही.

६

सुकेशनीताईंचं पोस्टात एका गोष्टीसाठी नाव होतं. न समजणारे पत्ते त्यांना समजायचे. एकदा पाकिटावर नुसतं 'मामी, हापशाजवळ' एवढंच होतं. गावात हापसे अकरा आणि माम्या मोजायच्या बाहेर. तिसऱ्या दिवशी पाकीट बरोबर मामीच्या हातात. त्या म्हणायच्या, पत्ता कधी चुकत नाही. वाचणारा दुसऱ्याच गल्लीतून वाचत असतो.

शनिवारी दुपारी पाणवठ्यात रविवारची तालीम होती. ताई मागच्या खुर्चीत हरलेल्या बसल्या होत्या. पेटीवर अपेक्षा होती, बँकेत नोकरी करणारी, अण्णांच्या हट्टाने पेटी शिकलेली. सिद्धोधन सर उठले, घसा साफ केला, म्हणाले, "अपेक्षा, काळी एक दे."

अपेक्षाने पेटीवरची पहिली काळी पट्टी दाबली. सूर निघाला. सरांनी त्यात आपला आवाज मिसळला.

ताई खुर्चीतून उठल्या त्या चप्पल न घालता बन्सीधरकडे गेल्या.

"बन्सीभाऊ. तुमी वहीत काय वाचलंत?"

"सांगितलं की. कमलबाईला चार एकर काळी."

"एकर लिवलं होतं?"

"एकर न्हवतं लिवलं. पण ते कळतंच ना, ताई. काळी काय कुणी किलोनं देतंय?"

"काय लिवलं होतं, तेवढंच सांगा. तुमचं कळणं बाजूला ठेवा."

बन्सीधरने डोळे मिटले. "सिद्धोधन, काळी एक. तात्याराव, पांढरी दोन. कमलबाई, काळी चार. चारवर रेघ मारली होती अन् बाजूला काईतरी होतं, ते म्या बघितलं न्हाई. कुणीतरी आलं."

बन्सीधर जन्माने शेतकरी. त्याने शेतकऱ्याच्या गल्लीतून वाचलं. अण्णांनी गाण्याच्या गल्लीतून लिहिलं होतं. कोण कोणत्या पट्टीत गातं, एवढंच. गाणाऱ्या तिघांपैकी कुणी ते पान बघितलं असतं तर क्षणात ओळखलं असतं. पण त्यांच्या कानावर आले ते एकर आणि प्लॉट.

ताईंना मोठ्याने हसू आलं आणि ते अर्ध्यात थांबलं. त्या परत हॉलात गेल्या. पेटीजवळ वाकल्या. "अपेक्षा, कमलबाई कोणत्या पट्टीत गातेत?"

अपेक्षाने आजूबाजूला बघितलं. कमलबाई लांब, तात्यारावांशी बोलत होत्या. "त्यांना वाटतं काळी चार. दोन वर्षं झाली मी तीन धरते. अण्णांनी सांगितलं होतं. वयाने त्यांचा वरचा सूर फाटायला लागला होता. अण्णा म्हणाले, तीन धर आणि तिला कळू देऊ नको. चार सुटली म्हणून कळलं तर ती गाणं सोडील. मी आजवर कुणाला बोलले नाही, ताई. तुम्हीसुद्धा..."

"चार कुठं झेपतंय आता मला. तीनवर आलेय मी."

कमलबाईंचं हुरडा भाजतानाचं हे बोलणं ताईंना आठवलं. पट्टी उतरवल्याची गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती. एक गेले होते, दुसरी पेटीवर बसली होती. तिसरी कुठून शिकली?

७

रविवारी सकाळी ताई कमलबाईंच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काळी तीन."

कमलबाईंनी त्यांना आत घेतलं. ज्वारीच्या पिठाच्या डब्यातून जुन्या लुगड्यात गुंडाळलेली वही काढली. कव्हरवर गोलगोल अक्षरात 'बोअर वही'. अण्णा देवनागरी दुकानांच्या पाट्या वाचून शिकले होते, त्यामुळे प्रत्येक अक्षर रंगवल्यासारखं.

"मी बघायला गेले अन् मला दिसलं," कमलबाई म्हणाल्या. "'कमलबाई, काळी चार.' त्यावर रेघ. 'आता तीन. तिला सांगायचं न्हाई.' शेवटपर्यंत त्या माणसानं माझं झाकलं, ताई. मला वाटायचं, माझा गळा अजून तसाच हाय."

"त्यासाठी वही घेतलीत?"

"माझ्यासाठी न्हाई. पुढचं पान बघा."

ताईंनी पान उलटलं. वाचलं. पुढचं उलटलं. बराच वेळ वाचत राहिल्या. मग चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"हे भक्ती माइकवर वाचणार होती," कमलबाई म्हणाल्या. "साऱ्या गावासमोर. त्यांनी माझं झाकलं. मी त्यांचं झाकलं. ह्याला चोरी म्हणायचं असंल तर म्हणा."

"चोरी न्हाई. पण कमलबाई, ही पानं झाकलीत तर दुपारी पाणवठा जातोय."

"अन् उघडली तर अण्णा जातेत."

"अण्णा कुटं जायलेत ह्याच्यानं," ताई म्हणाल्या. "ह्याच्यानंच तर ते दिसायलेत."

कमलबाईंनी वहीवरचं पीठ झटकलं. "अन् सारं गाव म्हणल, कमलबाईनं चोरली."

"गाव काय म्हणल ते माझ्यावर सोडा. हरवलेलं टपाल सापडलं की पोस्ट ते पोचवतं. कुठं पडलं होतं ते कुणी विचारत न्हाई."

"माझं तीनचं पण वाचतील."

"वाचतील."

कमलबाईंनी पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला. "चला मग. चहा तिथंच पिऊ."

८

पाणवठा भरला होता. पहिल्या रांगेत मंगल कार्यालयवाले, मांडीवर कागदांची पिशवी. भक्ती माइकसमोर उभी राहिली. वही कुठे सापडली असं कुणीतरी विचारलं, तेव्हा सुकेशनीताई म्हणाल्या, "टपालात." पुढे कुणाची विचारायची छाती झाली नाही.

भक्तीने सुरुवातीची पानं चाळली. कुठे किती फुटांवर खडक, कुठे पाणी, कुणाच्या शेतात बोअर फेल गेला. मग वहीतला मजकूर बदलला.

"'तात्याराव,'" तिने वाचलं, "'पांढरी दोन. चढवू नका, खोकतेत.'"

मग गाणाऱ्यांच्या रांगेतून हसू फुटलं ते मागच्या भिंतीपर्यंत गेलं. पांढरी दोन म्हणजे काय हे ज्यांना कळलं नव्हतं, त्यांना शेजारच्याने सांगितलं. सरजाबाई पदरात तोंड घालून हसत होत्या. "गेली माझी तुळस," त्या म्हणाल्या. तात्यारावांनी खिशातला टेप काढून बन्सीधरच्या मांडीवर ठेवला. बन्सीधर खुर्चीत खाली खाली सरकत गेला.

"'सिद्धोधन, काळी एक. वर चढवलं तरी जातेत. पण एकला त्यांचं मन बसतंय. ते गातेत तवा माझं बी.'"

सिद्धोधन सरांनी गळ्यातला मफलर काढला, घडी घातली, पुन्हा उलगडली. धम्मशीला वहिनींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला तो तिथेच राहू दिला.

भक्तीने पुढचं वाचलं. चार, रेघ, तीन, तिला सांगायचं न्हाई. सगळ्यांच्या माना वळल्या. कमलबाई ताठ बसून म्हणाल्या, "हाय. तीन हाय. पुढं वाच."

भक्तीने पान उलटलं.

"'मी,'" ती म्हणाली आणि थांबली. "'मी, काळी एक, फेल. मी, काळी दोन, फेल. मी, काळी तीन, फेल.'"

आता कुणी हसलं नाही. प्रत्येक ओळीपुढे तारीख होती, प्रत्येक तारीख गुरुवारची. पाच काळ्या, सात पांढऱ्या. पेटीवर सूर लावायला जेवढ्या जागा, तेवढ्या सगळ्या. बारा फेल. त्याखाली रेघ, आणि पुढच्या पानावर पुन्हा काळी एकपासून. पहिली तारीख हॉल बांधला त्या वर्षाची. शेवटची अण्णा गेले त्याच्या दोन दिवस आधीची. 'मी, पांढरी सहा, फेल. गुरुवारी सात बघू.'

भक्तीने वही मिटली नाही. ती पहिल्या रांगेकडे बघून म्हणाली, "काका, मी धंदेवाल्याची मुलगी आहे. एका जागी बोअर फेल गेला की अप्पा गाडी उचलायचे, दुसऱ्यांदा तिथे कधी लावायचे नाहीत. धंद्यासाठी कुणी वीस वर्षं एकाच जागी खोदत नाही. कागद परत घेऊन जा. हॉल विकायचा नाही."

मंगल कार्यालयवाले उठले. पिशवी काखेत मारली, दारापर्यंत गेले, आणि परत येऊन मागच्या खुर्चीत बसले. गाणी कधी सुरू होणार, असं त्यांनी शेजारच्याला विचारलं.

"पण मला एक सांगा," भक्ती माइकवरून म्हणाली. तिचा आवाज आता वेगळा झाला होता, लहान. "त्यांना कळत होतं. दर गुरुवारी लिहून ठेवत होते. तुम्ही सगळे गाणारे, तुम्हाला कळत नव्हतं असं नाही. अप्पा कसे गायचे?"

"आवाज मोठा होता," मागून कुणीतरी म्हणालं.

"भाव होता," तात्याराव म्हणाले.

"मनापासून गायचे," सिद्धोधन सर म्हणाले. अपेक्षा पेटीच्या भात्याकडे बघत राहिली. बन्सीधरला अचानक काचेवर डाग दिसला.

"मी हे विचारत नाहीये," भक्ती म्हणाली.

कमलबाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. भक्तीकडे गेल्या नाहीत. माइककडेही नाही. त्या भिंतीवरच्या फोटोसमोर जाऊन उभ्या राहिल्या, पदर नीट केला, आणि समोर माणूस बसलाय अशा बेताने बोलल्या.

"अण्णा, तुमी बेसूर गायचे. लय बेसूर."